उलटी पाटी

अमेरिकेच्या टेनेसी राज्यात पुलास्की नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या एका जुन्या इमारतीच्या भिंतीवर ब्रॉन्झची पाटी आहे, आणि ती कोरी आहे. मजकूर आहे, पण तो भिंतीच्या बाजूला. १९१७ साली मोठ्या अभिमानाने लावलेल्या या पाटीवर लिहिलं होतं की २४ डिसेंबर १८६५ रोजी न्यायाधीश थॉमस जोन्स यांच्या या वकिली कचेरीत कू क्लक्स क्लॅनची स्थापना झाली. खाली सहा संस्थापकांची नावं. पुढे १९८० च्या दशकात क्लॅनवाले आणि त्यांचे निओ-नाझी भाईबंद या गावात मोर्चे घेऊन यायला लागले, पाटी म्हणजे त्यांचं तीर्थक्षेत्र. १९८९ मध्ये इमारतीच्या मालकाने ती पाटी उतरवली, फिरवली आणि उलटी करून पुन्हा त्याच जागी ठोकली. त्याच वर्षी वर्णद्वेष्ट्यांचा मोर्चा आला तेव्हा गावातल्या बहुतेक दुकानदारांनी दुकानं बंद ठेवली.

हा मालक मला आवडतो. पाटी वितळवली असती तर विषय संपला असता, आणि संपायला नकोच आहे. ‘इथे काहीतरी आहे आणि ते आम्ही तुम्हाला मिरवू देणार नाही’ हे त्या कोऱ्या ब्रॉन्झवरून स्पष्ट कळतं.

पण माझी नजर अडकते ती पाटीवरच्या पत्त्यापाशी. न्यायाधीशाची कचेरी. ते सहाजण गुलामगिरीवरून झालेल्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यातून हरून परत आलेले तरुण होते, शिकलेले, बऱ्या घरचे. एक त्या न्यायाधीशांचा मुलगा, एक गावच्या वर्तमानपत्राचा पुढे संपादक झालेला. संघटनेचं नाव त्यांनी ग्रीकमधल्या ‘वर्तुळ’ या अर्थाच्या शब्दावरून बेतलं. ग्रीक येणारे गुंड! श्वेतवर्चस्ववादी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंगभर गोंदवलेला, दात पडलेला, ट्रकमध्ये राहणारा कुणी अडाणी येतो. सिनेमांनी तो आपल्याला दिला आहे. इतिहास वाचायला घेतला की मात्र भेटतात ते वकील, संपादक, पाद्री, दंतवैद्य, जाहिरातवाले. ही माणसं कधी वेशीबाहेर राहत नव्हती. त्यांचं सगळं गावाच्या ओसरीवर चाललेलं होतं.

सुरुवात टवाळखोरीतून झाली असं संस्थापकच नंतर सांगत. चादरी पांघरायच्या, रात्री घोड्यावरून हिंडायचं, मुक्त झालेल्या काळ्या माणसाच्या दारात जाऊन म्हणायचं की मी शायलोच्या लढाईत मेलेला सैनिक आहे, नरकातून आलोय, पाणी दे. मग झग्याखालच्या पिशवीत नळीने अख्खी बादली रिकामी करायची. हा किस्सा अमेरिकेत पुढे कित्येक पिढ्या विनोद म्हणून सांगितला गेला. भोळे काळे लोक कसे भुताला घाबरले, हा त्यातला विनोद.

१८७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने दक्षिणेत जाऊन साक्षी घेतल्या. त्यांचे १३ खंड छापले गेले. त्यांतल्या काळ्या साक्षीदारांना भुताबितांचं काही पडलेलं नाही. आवाजावरून, घोड्यावरून त्यांनी हल्लेखोर ओळखलेत आणि समितीपुढे नावानिशी सांगितलेत. साउथ कॅरोलायनाच्या यॉर्क काउंटीतले एलायस हिल हे लहानपणापासून अपंग झालेले धर्मोपदेशक होते, चालता येत नव्हतं. आसपासच्या मुलांना ते लिहा-वाचायला शिकवत. १८७१ च्या मे महिन्यात त्यांना रात्री घरातून ओढून अंगणात टाकलं आणि चाबकाने फोडून काढलं. गुन्हा काय, तर राजकारणात भाग घेतात आणि प्रवचनातून लोकांना भडकवतात. हिल यांनी ही साक्ष दिली आणि त्याच वर्षी शेजारपाजारच्या कुटुंबांना घेऊन ते लायबेरियाला निघून गेले. या देशात आपल्या लोकांना शांतपणे जगता येईल यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

हल्ले कुणावर व्हायचे ते पाहिलं की संघटनेची श्रद्धा काय होती हे वेगळं सांगावं लागत नाही. मत देणारा, शाळा चालवणारा, स्वतःची जमीन घेणारा. १८६५ ते १८७० या काळात तीन घटनादुरुस्त्या झाल्या. गुलामी गेली, नागरिकत्व मिळालं, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळाला. १८७० मध्ये मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर वॉशिंग्टनला गेले. ज्या लोकांची पाच वर्षांपूर्वी बाजारात किंमत ठरत होती त्यांनी आता कायदे करायचे? क्लॅनचा पहिला सर्वोच्च नेता म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो नेथन बेडफर्ड फॉरेस्ट युद्धाआधी मेम्फिसमध्ये गुलामांचा व्यापारी होता. त्याला ही किंमत नेमकी ठाऊक होती. त्यालाही समितीने साक्षीला बोलावलं. त्याची उत्तरं वाचण्यासारखी आहेत: काही आठवत नाही, ऐकीव माहिती आहे, माझा संबंध नाही.

राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७१ मध्ये क्लॅनविरोधी कायदा करून घेतला आणि साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांमध्ये सैन्य घालून शेकडो लोक पकडले. तेव्हाचे ॲटर्नी जनरल एमोस एकरमन हे स्वतः जॉर्जियात स्थायिक झालेले, एकेकाळचे गुलाममालक, दक्षिणेच्या सैन्यात राहिलेले. क्लॅनच्या मुळावर सर्वांत जोराने घाव घातला तो या माणसाने. वर्ष संपायच्या आत त्यांना पदावरून जायला सांगण्यात आलं.

आता १८७३ साल. मराठी वाचकाला ते वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. त्या वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं, काळ्या लोकांना दास्यातून मोकळं करण्याच्या कामी त्यांनी जो निःस्वार्थ त्याग केला त्याबद्दल. आपल्या शूद्रातिशूद्रांच्या बाबतीत इथल्या लोकांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत आहे. शाळेत असताना ही अर्पणपत्रिका मला पाठ होती. पण त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावात काय झालं हे कुठल्याच शाळेने सांगितलं नव्हतं. निवडणुकीच्या निकालावरून वाद होता. काळे लोक कोर्टाच्या इमारतीचं रक्षण करत होते. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफ आणली, इमारतीला आग लावली. शरण आलेल्यांपैकी कित्येकांना कैदेत असताना गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा साठपासून दीडशेपर्यंत सांगितला जातो. गोरे तीन.

खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८७६ मध्ये न्यायालयाने आरोपींना सोडलं. घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी माणसांना नाही, असा त्यामागचा कायद्याचा कीस. १९५० मध्ये राज्य सरकारने तिथे फलक लावला. त्यात या कत्तलीला दंगल म्हटलं होतं आणि तिने दक्षिणेतला उपऱ्यांचा कुकारभार संपला असं समाधान व्यक्त केलं होतं. तो फलक हलला २०२१ मध्ये.

जोतीरावांचं चुकलं असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्यांना त्यांनी पुस्तक अर्पण केलं ते लोक खरोखर होते, लाखोंनी युद्धात मेले होते. पण पुलास्कीची कचेरी आणि कोलफॅक्सचं कोर्ट यांतली माणसंही आपापल्या गावात सज्जन म्हणूनच ओळखली जात होती. १८७७ मध्ये केंद्राने दक्षिणेतून उरलंसुरलं सैन्य काढून घेतलं, आणि मग चादरींची गरजच संपली. मतदानाला कर, वाचनाची परीक्षा, वेगळे डबे, वेगळ्या शाळा. जे काम रात्री चोरून करावं लागे ते दिवसाढवळ्या सरकारी शिक्क्याने व्हायला लागलं.

मेलेली क्लॅन पुन्हा उठवली ती सिनेमाने. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा तीन तासांचा मूकपट आला, टॉमस डिक्सनच्या कादंबरीवर बेतलेला. त्यात क्लॅनचे झगेवाले घोडेस्वार गोऱ्या अबलांच्या रक्षणाला धावून येतात. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो व्हाइट हाउसमध्ये पाहिला. मार्चमध्ये तो न्यूयॉर्कला लागला, काळ्या नागरिकांच्या संघटनेने निदर्शनं केली, गर्दी हटली नाही. भीमराव आंबेडकर नावाचा एक तरुण तेव्हा त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. तो या गर्दीच्या किती जवळून गेला असेल, असा विचार माझ्या मनात येतोच.

जळता क्रूस हाही या कादंबरी-सिनेमाचाच शोध. पुलास्कीच्या क्लॅनने कधीही क्रूस जाळला नव्हता. विल्यम सिमन्स नावाच्या माजी पाद्र्याने १९१५ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या रात्री, अटलांटाजवळच्या स्टोन माउंटन या अजस्र कातळावर मूठभर माणसं नेली, क्रूस पेटवला आणि क्लॅन नव्याने सुरू झाल्याचं जाहीर केलं. काही दिवसांनी सिनेमा अटलांटात लागला तेव्हा वर्तमानपत्रात त्याच्या जाहिरातीशेजारी क्लॅनची जाहिरात होती.

अटलांटात राहणाऱ्या मराठी माणसाला स्टोन माउंटन सहलीची जागा म्हणून माहीत असतो. आम्हीही मंडळाच्या सहलीला जायचो. डब्यात पुरणपोळ्या आणि बटाट्याची भाजी, मुलांसाठी केबल कार, अंधार पडला की लेझर शो. कातळाच्या पोटावर दक्षिणेचे तीन नायक कोरलेत, जेफर्सन डेव्हिस, रॉबर्ट ली आणि स्टोनवॉल जॅक्सन, तिघेही घोड्यावर. सुमारे १९० फूट रुंद, ९० फूट उंच. काम सुरू केलं ते गट्झन बोरग्लम याने, ज्याने पुढे माउंट रशमोर घडवलं. क्लॅनशी त्याचे चांगले संबंध होते. पूर्ण झालं १९७२ साली, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर चार वर्षांनी. लेझर शोमध्ये रेषारेषांनी ते घोडेस्वार जिवंत होऊन दौडायला लागले की आमची पोरं टाळ्या पिटायची. आजूबाजूच्या चादरींवर बसलेले लोक निम्म्याहून अधिक काळे होते, तेही आईस्क्रीम खात शो बघत होते. एका काकांनी मोठ्या कौतुकाने विचारलं होतं, “हे तिघे म्हणजे त्यांचे शिवाजी, बाजी आणि तानाजी का गं?” काय उत्तर द्यावं?

उत्तर द्यायचं तर सांगावं लागलं असतं की हा डोंगर ज्या व्हेनेबल कुटुंबाच्या मालकीचा होता त्यांनी क्लॅनला तिथे जमायची मुभा दिली होती. त्याच घरातला जेम्स व्हेनेबल पुढे क्लॅनचा प्रमुख झाला. आणि पायथ्याच्या गावाने १९९७ मध्ये चक बरिस हे पहिले काळे महापौर निवडले तेव्हा ते राहत होते व्हेनेबलच्याच जुन्या घरात. हे शेवटचं वाक्य सांगायला मला फार आवडतं.

सिमन्स स्वप्नाळू होता, धंदा त्याला जमत नव्हता. पाच वर्षांत सभासद जेमतेम काही हजार. १९२० मध्ये त्याने एडवर्ड क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर या जाहिरात व्यवसायातल्या जोडीशी करार केला, आणि इथून पुढचं सगळं एखाद्या चेन मार्केटिंग कंपनीसारखं आहे. सभासद शुल्क दहा डॉलर. त्यातले चार सभासद आणणाऱ्या एजंटाचे, बाकीचे वरच्या पायऱ्यांवर वाटले जायचे. झगा वेगळा विकत घ्यायचा, तोही संघटनेकडूनच. पाद्र्यांना सभासदत्व फुकट, कारण पाद्री आला की त्याच्या मागून चर्च येतं. रविवारच्या प्रार्थनेत मधेच झगेवाले शिस्तीत आत यायचे, वेदीवर नोटांचं पाकीट ठेवायचे आणि तसेच शिस्तीत बाहेर पडायचे.

भीती गावागावाप्रमाणे बदलायची. काळे तर होतेच, पण या क्लॅनचं मुख्य लक्ष्य कॅथलिक, ज्यू आणि बाहेरून आलेले होते. इटलीचे, पोलंडचे लोक तेव्हा पुरते ‘गोरे’ धरले जात नसत. जिथे मेक्सिकन होते तिथे मेक्सिकन, पश्चिम किनाऱ्यावर जपानी. शिवाय दारूबंदीला पाठिंबा, बायकोला मारणाऱ्याला धडा, सार्वजनिक शाळांना मदत. कोण नाही म्हणेल? १९२० च्या दशकाच्या मध्यात सभासदांची संख्या वीस ते पन्नास लाखांच्या दरम्यान होती असं इतिहासकार मानतात, आणि त्यांत दक्षिणेइतकीच उत्तर आणि पश्चिमही होती. स्त्रियांची वेगळी शाखा, लग्नं, बाळांची बारशी, मेळे, बेसबॉलचे संघ. कॅन्ससमधल्या विचिटात १९२५ मध्ये क्लॅनचा संघ चक्क काळ्या खेळाडूंच्या संघाशी सामना खेळला आणि १०-८ ने हरला. त्याच उन्हाळ्यात, ८ ऑगस्टला, वॉशिंग्टनच्या रस्त्यावरून सुमारे तीस हजार क्लॅनवाले तोंड उघडं ठेवून चालत गेले. तोंड झाकायची गरजच वाटत नव्हती.

१९२१ मध्ये ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ने क्लॅनचं पितळ उघडं पाडणारी लेखमाला चालवली. हिंसा, पैशांचे घोळ, सगळं. तिला पुलित्झर मिळालं. काँग्रेसने चौकशी लावली, सिमन्सला बोलावलं. परिणाम? सभासद वाढले. फुकट जाहिरात झाली. ज्या गावांनी क्लॅनचं नाव ऐकलं नव्हतं तिथून अर्ज यायला लागले. सत्य बाहेर आलं की वाईट गोष्टी आपोआप गळून पडतात, यावर पत्रकारांचा फार विश्वास असतो. मीही काही वर्षं वर्तमानपत्रात काढलेली आहेत, त्यामुळे ही लेखमाला मला जरा झोंबते.

इंडियाना राज्यात तर गोऱ्या, तिथेच जन्मलेल्या पुरुषांपैकी जवळपास तिसरा हिस्सा क्लॅनमध्ये होता. तिथला नेता डी. सी. स्टीफन्सन, राज्यपाल त्याच्या खिशात. त्याने मॅज ओबरहोल्टझर या तरुण सरकारी कर्मचारी स्त्रीला पळवून नेलं, तिच्यावर पाशवी अत्याचार केला. तिने विष घेतलं. मरायला टेकलेली असताना तिने वकिलापुढे सगळा जबाब दिला आणि त्या जबाबावर १९२५ मध्ये स्टीफन्सनला जन्मठेप झाली. राज्यपाल माफी देईल म्हणून तो वाट पाहत बसला. माफी आली नाही, तेव्हा कुणाकुणाला किती पैसे चारले ते त्याने सांगून टाकलं. स्त्रियांच्या अब्रूचे रक्षक म्हणवणाऱ्यांची इंडियानातली संघटना दोन-तीन वर्षांत पत्त्यांच्या बंगल्यागत कोसळली.

अटलांटातला क्लॅनचा पीचट्री रोडवरचा महालही विकला गेला. फिरत फिरत तो गेला कॅथलिक धर्मपीठाकडे. तिथे ख्राइस्ट द किंग हे कॅथीड्रल उभं राहिलं आणि १९३९ च्या उद्घाटनाला क्लॅनचे तेव्हाचे सम्राट, मूळचे दंतवैद्य हायरम इव्हान्स, निमंत्रित म्हणून हजर होते! थोड्याच दिवसांत त्यांची गादी गेली.

आता आपल्या अंगणात येते. १९२३ साली, क्लॅन भरात असताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे भगतसिंग थिंद यांचा खटला आला. पंजाबचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी केलेले. तेव्हाच्या कायद्याने नागरिकत्व ‘मुक्त गोऱ्या’ माणसालाच, किंवा आफ्रिकी वंशाच्याला. थिंद यांच्या बाजूने काय सांगितलं गेलं? मी उच्चवर्णीय हिंदू आहे, आर्य आहे, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे गोरा. युक्तिवादात हेही आलं की उच्चवर्णीय हिंदू लग्नसंबंधांच्या बाबतीत भारतातल्या मूळ रहिवाशांकडे त्याच नजरेने पाहतो ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे पाहतो. हा कायदा अन्यायाचा आहे असं म्हणायची सोयच नव्हती हे मला समजतं. तरी ते वाक्य वाचताना मान खाली जाते. समोर रांग आहे ती चूक आहे, असं न म्हणता आपला नंबर पुढचा आहे एवढंच सिद्ध करायची धडपड.

न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला की शास्त्र काहीही म्हणो, साधा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीनच महिन्यांपूर्वी याच न्यायालयाने एका जपानी अर्जदाराला सांगितलं होतं की कातडीच्या रंगावर जाऊ नका, गोरा म्हणजे कॉकेशियन. निकालानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. थिंद यांच्या वकिलांपैकी सखाराम गणेश पंडित यांचंही नागरिकत्व काढून घ्यायला सरकार निघालं. नाव ऐकून वाटतं, हा माणूस सदाशिव पेठेत शेजारी राहत असेल. ते लॉस एंजेलिसला वकिली करत. या गृहस्थांनी स्वतःच्या खटल्यात आर्यबिर्य काही काढलं नाही. तुम्ही मला नागरिक केलंत, त्या भरवशावर मी वडिलोपार्जित मिळकतीवर पाणी सोडलं, लग्न केलं, वकिली उभी केली. आता तुम्हाला शब्द फिरवता येणार नाही. ते जिंकले, आणि त्यानंतर सरकारने बाकीच्या भारतीयांचा पिच्छा सोडला.

आर्य या कल्पनेने आपल्याकडच्यांना भुरळ घातली तशी त्यांनाही. टिळकांनी १९०३ मध्ये वेदांचा उगम आर्क्टिक प्रदेशात असल्याचं मांडलं, ते खगोलाच्या आणि ऋचांच्या आधाराने; गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाशी त्याचा काही संबंध नव्हता. पण सावित्री देवी हे नाव घेऊन भारतात राहिलेल्या एका हिटलरभक्त युरोपीय बाईने हाच धागा उचलून आपला नाझी धर्म विणला. आज तिची पुस्तकं निओ-नाझी भक्तिभावाने वाचतात. आपण तिकडे गेलो तर मात्र ते आपल्याला आर्य म्हणून मिठी मारतील अशी आशा कुणी ठेवू नये.

१९५० आणि ६० च्या दशकांतली क्लॅन सगळ्यांना माहीत असते: १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये स्फोट करून चार मुलींना मारणारी. मला तिच्याहून अधिक अस्वस्थ करते ती १९५४ मध्ये मिसिसिपीत निघालेली सिटिझन्स कौन्सिल. शाळा एकत्र करा असा निकाल न्यायालयाने दिला म्हणून बँकवाले, जमीनदार, वकील यांनी ती काढली. हिंसेशी आमचा काही संबंध नाही, हे त्यांचं पालुपद. याझू सिटीत ५३ काळ्या पालकांनी एकत्र शाळेसाठी अर्जावर सह्या केल्या, तर कौन्सिलने त्यांची नावं वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापली. एवढंच केलं. कुणाची नोकरी गेली, कुणाला वाण्याने सामान देणं बंद केलं. जवळजवळ सगळ्यांनी सह्या मागे घेतल्या. वाळीत टाकणं आपल्याला कुणी शिकवायला नको. हे कुठल्याही मराठी गावात घडलेलं वाटतं. कौन्सिलच्या जुन्या सभासद याद्यांतूनच १९८५ मध्ये एक नवी संघटना उभी राहिली. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये बायबल वाचत बसलेल्या नऊजणांना मारणाऱ्या तरुणाने लिहून ठेवलं होतं की आपले डोळे या संघटनेची पानं इंटरनेटवर वाचून उघडले.

डेव्हिड ड्यूक याने झगा उतरवून सूट चढवला, क्लॅनचं नाव सोडलं, ‘गोऱ्यांचे हक्क’ म्हणायला लागला. १९८९ मध्ये लुईझियानाच्या विधानसभेत निवडून गेला. १९९१ मध्ये राज्यपालपदाला उभा राहून हरला, पण जवळपास ३९ टक्के मतं मिळवली. गोऱ्या मतदारांपुरतं पाहिलं तर निम्म्याहून अधिक. त्याच्या विरोधातले एडविन एडवर्ड्स भ्रष्टाचारासाठी इतके बदनाम होते की गाड्यांवर ‘चोरालाच मत द्या, गरज आहे’ असे स्टिकर लागले होते. आजची घोषणाही त्याच सुटाबुटातली: आमची जागा दुसरे घेताहेत. रेनो कामू नावाच्या फ्रेंच लेखकाची ही मांडणी. २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्याला तेच शीर्षक दिलं.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांत या विषयावर बोलणं निघालं की एक शब्द हमखास येतो, ‘चुकून’. २०१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओक क्रीक गुरुद्वारात सहा जणांना मारलं, ते चुकून मुसलमान समजून. २०१७ मध्ये कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या इंजिनीअरला ‘माझ्या देशातून चालता हो’ म्हणत मारलं, ते चुकून इराणी समजून. तेव्हा आमच्या व्हॉट्सॲपवर सूचना फिरल्या, चारचौघांत मराठीत बोलू नका, मुलांना सांगा. एका बाईंनी विचारलं, कपाळाला मोठी टिकली लावली तर आपण हिंदू आहोत हे लांबून कळेल का? ओक क्रीकचा खुनी दहा-बारा वर्षं वर्णद्वेषी संगीताच्या वर्तुळात गाणी वाजवत होता. त्याच्या हिशेबात चूक झालेली नव्हती. गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका त्या दिवशी मारले गेले. त्यांचा मुलगा परदीप काही आठवड्यांनी आर्नो मायकेलिसला भेटला. ज्या टोळीतून तो खुनी घडला ती टोळी उभी करणाऱ्यांतला हा एक, पुढे त्यातून बाहेर पडलेला. तुम्ही आम्हाला का मारलंत, हे परदीपला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. पुढे दोघं मिळून शाळांतून मुलांशी बोलायला लागले. मला हे जमलं नसतं.

खिल्ली, लेखमाला, निषेधाचे ठराव यांनी या संघटना संपत नाहीत असं दीडशे वर्षांचा हिशेब सांगतो. कोर्ट आणि पैसा मात्र लागू पडतो. १९४४ मध्ये क्लॅन बंद झाली ती थकलेल्या आयकरापायी. १९८१ मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात युनायटेड क्लॅन्स या नंतर निघालेल्या क्लॅन गटाच्या माणसांनी मायकेल डोनल्ड या एकोणीस वर्षांच्या काळ्या तरुणाला मारून झाडाला टांगलं. त्याची आई, ब्यूला मे डोनल्ड, हिने मारेकऱ्यांवर न थांबता संघटनेवरच दावा लावला. १९८७ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरीने सत्तर लाख डॉलरचा निकाल दिला. संघटनेकडे होती फक्त टस्कलूसाजवळची इमारत. ती आईच्या नावावर झाली. तिने ती विकून टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर घेतलं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिलमध्ये मशाली घेऊन मोर्चा निघाला तेव्हा कुणाच्याही अंगावर झगा नव्हता. इस्त्रीचे टीशर्ट, खाकी पँटी. दुसऱ्या दिवशी निदर्शकांवर गाडी घातली गेली, हेदर हायर ही तरुणी मेली. दोन्ही बाजूंना फार चांगली माणसं होती, असं राष्ट्राध्यक्ष ट्रम्प म्हणाले. निओ-नाझींबद्दल मी बोलत नाही, त्यांचा निषेधच व्हायला हवा, हेही त्याच पत्रकार परिषदेत म्हणाले. वाद अजून चालू आहे. जखमी झालेल्यांनी मात्र आयोजकांवर दिवाणी दावा लावला, आणि आधार घेतला ग्रँट यांच्या १८७१ च्या कायद्याचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ज्युरीने अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठोठावली. ती व्हर्जिनिया राज्याच्या कायद्याखाली. १८७१ च्या कायद्याखालच्या आरोपांवर ज्युरीचं एकमत होऊ शकलं नाही.